खाऱ्या भिंतीचं स्थळ

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत गाईंना फार आवडत असे.

हे मी अगदी गंभीरपणे सांगतो आहे. बऱ्हाणपुरात त्या काळी भिंती पुष्कळ होत्या आणि गाईही पुष्कळ होत्या. पण गाईंनी रोज येऊन चाटावी अशी भिंत सगळ्या गावात आमची एकच. लोक वाट वाकडी करून ती बघायला येत. आणि ज्या दिवशी ती कोणीही बघू नये असं मला मनापासून वाटत होतं, नेमकी त्याच दिवशी ती माझ्या होणाऱ्या (किंवा न होणाऱ्या, ते अजून ठरायचं होतं) चुलतसासऱ्यांनी बघितली. नुसती बघितली नाही, चाखली!

आमचं घर धाब्याचं होतं. म्हणजे वर कौलं नाहीत की पत्रा नाही. तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर मातीचा सपाट थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी या थरावर खारी माती पसरून चोपावी लागे. ही माती वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातली, पांढुरकी आणि चिकट. ती पाणी आत शिरू देत नाही आणि तिच्यात गवतही उगवत नाही. आईचं माहेर तिकडचंच, जळगाव-जामोदच्या बाजूचं. दरवर्षी मामाची बैलगाडी सातपुड्याचा घाट ओलांडून यायची. गाडीत खारी माती, मातीवर गोणपाट, गोणपाटावर आईसाठी तुरीची डाळ आणि सांडगे, आणि सगळ्यांच्या वर मामा. तो धाबं चोपायचा, पोटभर जेवायचा आणि निघताना आईला रडवून जायचा.

मग राज्यं नव्याने मांडली गेली. तोवर आम्ही आणि वऱ्हाड, दोघंही नागपूरच्या हाताखाली होतो. आता वऱ्हाड मुंबईकडे गेलं आणि आमचं बऱ्हाणपूर भोपाळकडे. माणसं तीच, घाट तोच. पण आईचं माहेर बसल्या जागी परराज्यात गेलं. आई बरेच दिवस भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची, "मी कोनाचं काय घेतलं होतं? माहंच माहेर काऊन उचलून नेलं?" तिचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटायचं.

दादा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. कायद्यावर त्यांची अशी श्रद्धा, की घरात मांजर शिरलं तर ते कोणाच्या हद्दीतून आलं याची आधी चौकशी करायचे. त्या उन्हाळ्यात एक दिवस ते कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले,

"यंदा खारी माती आणायची नाही."

"काऊन?" आईने विचारलं.

"ती आता परराज्यातली माती आहे."

"माती आहे ती! दारू आहे का?"

"मी साहेबांना विचारून आलो. साहेब म्हणाले, ऐसा कोई ऑर्डर नहीं है."

"मग झालं की!"

"काय झालं? ऑर्डर नाही म्हणजे परवानगीही नाही!"

मामाला निरोप गेला की यंदा माती आणू नकोस. मामाचा उलट निरोप आला, "भाऊजीले सांगा, माती अजून आमच्याच वावरात हाय, सरकार घेऊन नाही गेलं." दादा बधले नाहीत.

इथे मी पुढे झालो. (माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच संकटांची सुरुवात या वाक्याने होते.) मी नुकताच बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो आणि सगळ्या जगाला समजावून सांगण्याचा मला तेव्हा नाद होता.

"दादा," मी म्हणालो, "खाऱ्या मातीत खरं काम कोण करतं? मीठ! माती नुसती ओझं. मग मातीच्या भानगडीत पडायचंच कशाला? सरळ मीठच टाकू!"

दादांनी बराच विचार केला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मीठ कुठलं?"

"आपल्याच बाजारातलं."

"मग हरकत नाही."

आम्ही हातगाडीभर खडेमीठ आणलं. दुकानदाराने विचारलं, "मास्तर, लोणचं घालून राहिले का?" मी छातीठोकपणे सांगितलं, "प्रयोग आहे." पोतीच्या पोती वर चढवून दादांनी आणि मी ते मीठ धाब्यावर सारखं पसरलं आणि पाट्याने दाबलं. समोरच्या घरातल्या जमनाकाकू दारात बसून हे पाहत होत्या. "भास्कर बेटा," त्यांनी ओरडून विचारलं, "छत खायचं आहे का?" मी हसून सोडून दिलं. शास्त्राला सुरुवातीला लोक हसतातच.

पावसाळा आला, चांगला सणसणीत आला, आणि घरात पाण्याचा एक थेंब पडला नाही! दादांनी कचेरीत माझं कौतुक केलं. मी शाळेत वर्गाला आमच्या धाब्याचं उदाहरण दिलं. तेवढ्यात आईने सांगितलं की रस्त्याकडची भिंत बाहेरून ओली दिसते आहे.

खरोखरच वर, पन्हाळीच्या बाजूला, एक तपकिरी डाग पडला होता. तो रोज थोडा खाली उतरायचा. मग चुन्याचा गिलावा फुगला. मग त्याचे पापुद्रे सुटून रस्त्यात पडायला लागले. मी भिंतीपुढे उभा राहून शांतपणे विचार केला. छत गळलं तर पाणी घरात पडतं. घरात पडत नाही, म्हणजे छत गळत नाही. तरी भिंत बाहेरून ओली आहे, म्हणजे कोणीतरी ती बाहेरून ओली करतं आहे! आणि आमच्या भिंतीसमोर रोज धुण्याचं पाणी रस्त्यात फेकणारं माणूस एकच होतं.

"काकू," मी नम्रपणे म्हणालो, "पाणी जरा जपून टाकत चला. आमच्या भिंतीला लागतं."

जमनाकाकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून डागाकडे पाहिलं. "अरे बेटा, दोन माणसं उंच आहे तो डाग! मी काय पिचकारी घेऊन बसते का?"

"शिंतोडे उडत असतील."

"शिंतोडे? तितक्या वर? तुह्या शाळेत हेच शिकवून राहिला का तू पोराइले?"

बोलणं तुटलं. काकू त्या दिवसापासून बादली घेऊन सगळ्यांना दाखवत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि तिथे पाणी ओतायच्या. भिंत ओलीच! त्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला की त्या गुपचूप टाकत असणार. आम्ही गवंडी लावून बाहेरून गिलावा करून घेतला. तो पडला. परत केला. तोही पडला. वर चढून बघावं असं आम्हा दोघा सुशिक्षितांपैकी एकालाही सुचलं नाही. वर काय बघायचं? वर तर मीठ होतं!

दिवाळीनंतर मामाचा निरोप आला आणि घरातलं वातावरणच बदललं. त्याच्या शेजारच्या गावात इंदू नावाची मुलगी होती. तिला मी मामाच्या घरच्या लग्नात पाहिलं होतं. ती पंगतीत मठ्ठा वाढत होती. मी विज्ञान शिकवतो हे कळल्यावर तिने मला विचारलं, "गुरुजी, ताक आंबट काऊन होते?" मी सगळं सांगितलं, अगदी जंतूंपासून. तिने भांडं हातात धरून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता पिऊन टाका. तोवर अजून आंबट झालं असंन." त्या दिवसापासून मला दुसरं काही गोड लागत नव्हतं.

तर मामाचं म्हणणं असं होतं की इंदूच्या घरी माझं नाव निघालं आहे, पण काका अडून बसले आहेत. इंदूला वडील नव्हते, सगळं काकांच्या शब्दावर. "पोरगी परराज्यात कायले द्यायची?" असं ते म्हणत. शिवाय अकोल्याचं एक स्थळ समोर होतं. तरी पण ते आणि इंदूची आत्या येऊन आमचं घर बघून जाणार होते. मुलगी द्यायची तर घर बघायचं, हा आमच्याकडचा रिवाजच.

आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भास्कर," ती म्हणाली, "ती पोरगी या घरात आली तर माहा तिकडचा रस्ता चालू राह्यते रे. नाही तर मामा तरी किती दिवस येईन?" एवढं बोलून ती चुलीकडे वळली. माझ्या लग्नावर माझ्याशिवाय आणखी कोणाचं तरी इतकं अडलेलं आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मी भिंतीच्या तयारीला लागलो. पाऊस थांबला होता, ऊन चांगलं पडत होतं, भिंत वाळत होती. वाळता वाळता तिच्यावर पांढरी, मऊ लव उगवली. आम्ही खूश झालो, वाटलं जुना चुना वर येतो आहे! सगळ्यात आधी जमनाकाकूंची शेळी आली. तिने भिंतीचा वास घेतला, एकदा जीभ लावली, डोळे मिटले आणि मग हलायलाच तयार होईना. दुसऱ्या दिवशी तापीकाठाहून चरून परतणाऱ्या गाईंपैकी एक थांबली. मग दोन. आठवड्याभरात संध्याकाळी गल्लीतून जायला वाट राहिली नाही. गाई रांगेने उभ्या राहून आमचं घर चाटत. दादा त्यांना काठी मारणार नव्हते, ते हात जोडून विनंती करायचे. "माय, जा आता. उद्या पाहुणे येऊन राह्यले." गाई ऐकून घ्यायच्या आणि चाटत राहायच्या. आम्ही भिंतीला चुना दिला. तो त्यांनी चाटून साफ केला.

शेवटी मी वेळेचा हिशोब केला. गाई येतात संध्याकाळी. पाहुणे येणार सकाळच्या मोटारीने. जेवून दुपारी परत. गाईंची आणि पाहुण्यांची गाठच पडत नाही!

मोटार घाटात बंद पडली. पाहुणे टांग्याने गल्लीत शिरले तेव्हा सूर्य मावळत होता आणि आमच्या भिंतीला इकडून तिकडे गाई लागलेल्या होत्या.

मी आत, त्याच भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीवर कोट घालून बसलो होतो. (मुलाने दारात लगबग करू नये, असं आईचं मत.) खिडकीतून मला सगळं दिसत होतं. दादा गाईंपुढे हात जोडून उभे होते. आई मात्र पुढे झाली.

"आमच्या घरी या रोजच येतात," ती म्हणाली. "घराची पुण्याई."

आत्याबाईंनी टांग्यातून उतरल्या उतरल्या गाईंना हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. "भाऊ," त्या काकांना म्हणाल्या, "असं घर म्या कुठंच नाही पाह्यलं!" मला वाटलं, जमलं! आणि तेवढ्यात टांग्याचा घोडा पुढे सरकला, दोन गाईंच्या मधून मान घातली आणि भिंत चाटायला लागला.

गाईंची पुण्याई सांगता येते. घोड्याची कशी सांगणार?

काका म्हणजे उंच, काळेसावळे, धोतर-कोट घातलेले शेतकरी गृहस्थ. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"मीठ," ते म्हणाले.

"स्थानिक आहे," दादा घाईघाईने म्हणाले. "आपल्याच राज्यातलं!"

काकांनी वर धाब्याच्या कठड्याकडे पाहिलं. मग पन्हाळीकडे. मग कोणाला न विचारता बाहेरच्या जिन्याने ते धाब्यावर चढले. माझ्या डोक्यावर त्यांची पावलं वाजत होती. भिंतीच्या कडेला येऊन ती थांबली. "हे पोकळ हाय," असं म्हणून त्यांनी एकदा पाय आपटला. खाली त्याच क्षणी घोड्याला भिंतीवर मान खाजवावीशी वाटली.

भिंत बाहेरच्या बाजूला गेली. सगळी नाही, कठड्यापासून माझ्या खुर्चीच्या उंचीपर्यंत. कच्च्या विटांचा तो ढिगारा धप्पकन गल्लीत बसला, गाई मागे सरल्या, आत्याबाई ओरडल्या. तुळया दुसऱ्या दोन भिंतींवर टेकलेल्या होत्या म्हणून धाबं जागेवर राहिलं आणि धाब्याबरोबर काकाही. कोणाला लागलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा मी सगळ्या गल्लीसमोर खुर्चीवर कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला होतो. उठावं असं मला सुचलंच नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "नमस्कार."

एका गाईने तेवढ्यात आत तोंड घालून माझी बाही चाटली.

"मास्तर," वरून काकांचा आवाज आला, "हे मीठ कोनं टाकलं?"

आईने मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. दादा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. पण मला तिथे, इतक्या लोकांसमोर, ते दादांच्या माथी मारवेना.

"मी टाकलं," मी म्हणालो.

"कायले?"

मी सगळं सांगितलं. परराज्यातली माती, ऑर्डर, मिठाचं कार्य, सगळं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान."

काका कडेशी येऊन वरून वाकून माझ्याकडे पाहू लागले.

"पान्याले माती अडवते, मास्तर," मग ते म्हणाले. "मीठ कोनालेच नाही अडवत, ते पान्यासंगं निघून जाते. मातीचा नवा थर नाही, म्हून हे कठड्यापाशी फाटलं. तिथून पानी सरळ भिंतीच्या पोटात उतरलं. घरात थेंब नाही, आन भिंत बाहेरून सडून राह्यली. दुखनं डोक्यात, आन तुमी लेप लावत बसले पायाले!"

"ऐका! ऐका!" समोरून जमनाकाकूंचा आवाज आला. "आन मले म्हणे शिंतोडे!"

जेवणं झाली. आईने पाहुण्यांसाठी मांडे केले होते, रुमालासारखे मोठे, आमच्या बऱ्हाणपूरला करतात तसे. उघड्या भिंतीतून अर्धी गल्ली आमची पंगत बघत होती. आई वाढत होती आणि पदराने डोळे पुसत होती. कोणी विचारलं तर चुलीचा धूर, म्हणायची. चूल केव्हाच विझली होती. इंदू गेली याचं दुःख मला होतंच. पण आईचा घाटापलीकडचा रस्ता मी माझ्या हाताने बुजवला, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. मला त्या वेळी खरोखर रडू येत होतं आणि रडायला आडोसाही राहिला नव्हता.

"कळवतो," असं म्हणून पाहुणे गेले. या शब्दाचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही भोकाला गोणपाटं लावून राहिलो. मी शाळेत जायचो तेव्हा पोरं मला बघून जिभा बाहेर काढायची. जमनाकाकूंची मी माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली आणि पुढे भेटेल त्याला ती गोष्ट सांगितली.

मग एका सकाळी गल्लीत घुंगरं वाजली. मामाची गाडी! गाडीत काठोकाठ खारी माती आणि मातीवर मामाच्या शेजारी काका, धोतर वर खोचून, हातात चोपणं घेऊन. दादा दारात आले. त्यांनी मातीकडे पाहिलं, बोट वर केलं आणि तोंड उघडलं.

"एक शब्द बोललात," आई म्हणाली, "तर मी याच गाडीत बसून परराज्यात जाईन!"

दादांनी तोंड मिटलं. काका खाली उतरले. "पोरीच्या घराचं धाबं गळकं चालनार नाही आपल्याले," ते म्हणाले आणि जिना चढायला लागले. आई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हसत हसत रडली. मला चोपणं देण्यात आलं, पण मिठाच्याच काय, मातीच्या टोपलीलाही हात लावू दिला नाही.

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी मी इंदूला विचारलं, "काकांनी आमच्या घरून परत आल्यावर काय सांगितलं गं?" मी खरं बोललो, दादांवर ढकललं नाही, त्याचं काहीतरी निघेल अशी माझी अपेक्षा होती.

इंदू पोळ्या लाटत होती. "काका म्हणाले, अकोल्याचा पोरगा हुशार हाय, तो आपला आपण निभावून नेईन. या मास्तरले मात्र एकटं ठेवणं धोक्याचं हाय."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. इंदूने मला घरात एकट्याला कधीही सोडलेलं नाही. माहेरी जाते तेव्हाही सोबत घेऊन जाते. गल्लीतले लोक आमच्या या प्रेमाचं उदाहरण आपल्या मुलासुनांना देतात. मी त्यांचा गैरसमज दूर करायला गेलेलो नाही.